चारशे वॅटची फियाट

मोटारीत रेडिओ बसवण्याच्या धंद्याचा मुहूर्तच एका बँकवाल्याची गाडी पेटवून झाला, असं सांगतात. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी १९३० साली मोटारीत चालेल असा रेडिओ तयार केला. दिवस मंदीचे, खिशात पैसा नाही. कर्ज मिळावं म्हणून त्यांनी बँकेच्या साहेबांच्या पॅकार्ड गाडीत एक रेडिओ बसवून दिला. अर्ध्या तासात पॅकार्डने पेट घेतला आणि कर्जाचा अर्ज विझला. मग गॅल्विन यांनी स्वतःच्या स्टुडबेकरमध्ये रेडिओ बसवला, गाडी थेट अटलांटिक सिटीला नेली, तिथे रेडिओ बनवणाऱ्यांचं अधिवेशन भरलं होतं त्याच्या दारात उभी केली आणि आवाज मोठा केला. लोक जमले, ऑर्डरी मिळाल्या. त्या रेडिओला दिलेलं 'मोटोरोला' हे नाव पुढे कंपनीलाच चिकटलं.

उद्योजकतेवर भाषणं देणारे लोक ही गोष्ट स्टुडबेकरपासून सांगतात. ज्याला जुन्या गाडीत साउंड सिस्टिम बसवायची आहे त्याने ती पॅकार्डपासून ऐकावी. जवळजवळ शंभर वर्षांत या कामाची रीत फारशी बदललेली नाही. गाडी एकाची असते, उत्साह दुसऱ्याचा असतो आणि वायर जळाल्याचा वास सगळ्यांना मिळून येतो.

आमच्या साडूंकडे फियाट आहे. आरसी बुकात ती प्रीमिअर पद्मिनी आहे, पण पुण्यात तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर कंपनीने इटलीची फियाट ११०० कुर्ल्याच्या कारखान्यात बनवायला घेतली, सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी ठेवलं आणि नाव बदलल्यावर आणखी काही बदलायची गरज नाही अशा समाधानात ती साधारण २००० सालापर्यंत बनवत राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, पुढे सलग सीट. मुंबईतल्या या गाडीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आडवी आली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. तिच्यात बसून जन्मभर 'काय ही टॅक्सी!' म्हणणारे लोक त्या दिवशी पेपरात गहिवरले. ती सगळी कात्रणं साडूंनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डिकीत ठेवली आहेत. स्टेपनी त्यामुळे घरी असते.

साडूंची गाडी त्यांच्या वडिलांची. डॅशबोर्डमध्ये वडिलांनी बसवलेला रेडिओ आहे. दोन बाजूंना दोन गोल नॉब, मधे आकड्यांची पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा लाल काटा. ग्लोव्ह बॉक्समध्ये त्या रेडिओच्या लायसन्सचं पुस्तकही आहे. ऐंशीच्या दशकात ही भानगड बंद होईपर्यंत रेडिओ बाळगायला सरकारी परवाना लागे आणि दरवर्षी पोस्टात जाऊन त्याची फी भरावी लागे. साडू ते पुस्तक पाहुण्यांना काढून दाखवतात. "बाबांनी एकही वर्ष चुकवलं नाही," म्हणतात. रेडिओ लागतो का, असं पाहुण्याने विचारलं की पुस्तक आत जातं.

तर या गाडीत 'चांगला साउंड' हवा, असं साडूंच्या मनाने घेतलं. माणूस निवृत्त झाला की त्याच्या मनाने काहीतरी घ्यायचंच असतं. कोणी गुडघे घेतं, कोणी अध्यात्म. साडूंनी साउंड घेतला. अट एकच. तो दिसता कामा नये.

जुन्या गाडीवाल्यांच्या जगात ही अट फार कर्मठपणे पाळतात. गाडी कारखान्यातून निघाली तशी दिसली पाहिजे. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' अशी वेगळी नोंदणी काढली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी. गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको आणि ती रोजच्या येण्याजाण्याला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती अशा कामांनाच बाहेर काढायची. साडूंनी हा नियम वाचला तेव्हा त्यांना गहिवरून आलं. त्यांची फियाट गेली कित्येक वर्षं दुरुस्तीशिवाय दुसऱ्या कामासाठी बाहेर पडलेलीच नाही. सरकारने प्रथमच आपल्या वस्तुस्थितीला कायद्याचं रूप दिलं, असं त्यांचं मत झालं.

त्या नियमात साउंडबद्दल अक्षर नाही. पण नियमात नसतं ते रॅलीत हात मागे बांधून फिरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या नजरेत असतं. डॅशबोर्डवर निळा दिवा लुकलुकताना दिसला की ते काही बोलत नाहीत. नुसते पुढच्या गाडीकडे जातात. या एका भीतीपायी जगभर मोठा व्यापार चालतो. पोर्शेसारख्या कंपनीने २०२० साली आपल्या जुन्या गाड्यांसाठी मुद्दाम जुन्या चेहऱ्याचा रेडिओ विकायला काढला. बाहेरून नॉब, आत नकाशा, ब्लूटूथ आणि सगळं. एरवी आपण खर्च करतो तो चार लोकांना दिसावा म्हणून. इथे दामदुप्पट मोजायचे ते कोणालाही काही दिसू नये म्हणून.

साडू मला बरोबर नेतात, कारण मला गाडीतलं काही कळत नाही. ज्याला कळतं तो विरोध करतो. कार डेकोरच्या दुकानातल्या पोराने फियाटला एक चक्कर मारली, डॅशबोर्डवर अंगठा आणि करंगळी ताणून माप घेतलं आणि म्हणाला, "काका, नऊ इंची अँड्रॉइड बसेल. कापावं लागेल थोडं."

"काय कापावं लागेल?"

"हेच की. पाच मिनिटांचं काम आहे. ग्राइंडर मारतो."

साडू डॅशबोर्ड आणि पोरगा यांच्या मधे जाऊन उभे राहिले.

त्या पोराचं चुकत नव्हतं. आजचे स्टिरिओ १८० बाय ५० मिलिमीटरच्या भोकात बसतात. हे माप जर्मन लोकांनी ठरवलं आणि पुढे जगाने मानलं. कुर्ल्याला तोवर आपल्या डॅशबोर्डचा साचा बनवून झाला होता. शेवटी तोडगा असा निघाला की जुना रेडिओ जागचा हलवायचा नाही, नवा स्टिरिओ ग्लोव्ह बॉक्सच्या आत लपवायचा, लायसन्सच्या पुस्तकाशेजारी. चालवणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही, म्हणून त्याची बटणं दाबायचं काम शेजारी बसणाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. मला गाडीतलं काही कळत नाही हे अशा रीतीने उपयोगी पडलं.

स्टिरिओच्या खोक्यावर '५० वॅट × ४' असं ठसठशीत छापलेलं होतं. साडूंचा मुलगा इंजिनिअर आहे. तो खोकं हातात घेऊन म्हणाला, "बाबा, हे कसं शक्य आहे? गाडी चालू असताना चौदा-साडेचौदा व्होल्ट मिळतात. स्पीकर चार ओहमचा. गणित मांडलं तर आवाज न फाटता एका स्पीकरला पंचवीस-सव्वीस वॅटच्या वर जाताच येत नाही. खरे वीस मिळाले तरी पुष्कळ."

पोरगा शांतपणे म्हणाला, "दादा, ते मॅक्स आहे."

"मॅक्स म्हणजे?"

"म्हणजे मॅक्स."

यावर इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणी उत्तर शिकवलेलं नसतं. मुलाने आणखी एक शास्त्रीय सत्य सांगून पाहिलं. माणसाच्या कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायचा तर वॅट दसपट करावे लागतात. वीसचे चाळीस केले तर फरक जेमतेम जाणवतो. दुप्पट आवाजाला दोनशे लागतात. हे त्याने वडिलांना आवरण्यासाठी सांगितलं. वडिलांनी त्यातून नेमका उलटा बोध घेतला. "म्हणजे दोनशे तर लागणारच," ते म्हणाले. पोरगा म्हणाला, "मग वेगळा अँप घ्या ना काका. चारशे वॅट. सीटखाली जातो, दिसत पण नाही." 'दिसत पण नाही' हे शब्द कानावर पडताच सौदा झाला.

नमुना म्हणून पोराने काहीतरी लावलं. त्यात शब्द नव्हते, चाल नव्हती, पण समोरच्या टपरीवरचे चहाचे ग्लास एका रांगेत सरकायला लागले. साडू म्हणाले, "यावर गीतरामायण लाव." पोराने फोनवर शोधून लावलं. गदिमा आणि बाबूजींचं हे काम पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर, आठवड्याला एक गाणं असं गेलं. छप्पन्न गाणी. लोकांनी ते एका स्पीकरच्या रेडिओवर ऐकलं आणि रेडिओला हार घातल्याच्या आठवणी जुन्या घरांतून अजून सांगतात. आता तेच चार स्पीकर, दोन ट्वीटर आणि एक वूफर यांतून येणार होतं. मूळ आवाजच एकपदरी, त्यामुळे डावीकडून येत होतं तेच उजवीकडून आलं. फक्त मूळ ध्वनिमुद्रणातली खरखर पूर्वी ऐकू येत नसे, ती आता कोणत्या कोपऱ्यातून येते तेही कळत होतं. "बघा, केवढा डिटेल आहे!" साडू म्हणाले.

स्पीकर घेणं सोपं, बसवणं कठीण. पुढच्या दारात बसवावेत तर दाराच्या आत काच उतरते आणि स्पीकरचं लोहचुंबक नेमकं तिच्या वाटेत येतं. म्हणजे एकतर गाणं किंवा वारा. एसी नसलेल्या गाडीत एप्रिल महिन्यात कितीही थोर गायक असला तरी निवड वाऱ्याचीच होते. म्हणून पुढचे दोन स्पीकर पायांपाशी, डॅशखालच्या कोपऱ्यात गेले. मागचे दोन लंबगोल, ज्यांना सगळा बाजार 'सिक्स बाय नाइन' म्हणतो, ते मागच्या काचेखालच्या फळीवर, जाळीखाली. ही जागा मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पूर्वीच पावन करून ठेवलेली आहे. त्यांच्याकडे त्या स्पीकरांवर ब्रेक दाबला की लागणारे लाल दिवेही असत. साडूंनी दिव्यांना नकार दिला, पण नकार द्यायला त्यांना अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला.

इथवर आलेला खर्च हा 'साउंड' या खात्यावरचा सगळ्यांत लहान खर्च होता, हे पुढे कळलं.

साडूंचा एक वायरमन आहे. नाना पेठेपलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये बसतो. वय गाडीच्या आसपासचं. त्याने बॉनेट उघडलं, अँपचं खोकं वाचलं आणि चष्मा कपाळावर नेला.

"साहेब, हा डायनामो आहे हो. चारशे वॅट आणायचे कुठून? माझ्या घरून वायर टाकू?"

त्या काळातले डायनामो फार तर अडीचशे वॅटच्या घरातले, आणि तेही गाडी पळत असताना. हेडलाइटचे दोन बल्ब नव्वदेक वॅट खातात. मग मागचे दिवे, ब्रेकचे दिवे, वायपर. सिग्नलला गाडी उभी राहिली की डायनामोही उभा राहतो, डॅशवरचा लाल दिवा लागतो आणि सगळा संसार बॅटरीवर येतो. तरीही साडूंनी एकदा रात्री गाडी काढून पाहिलीच. ढोलकीची थाप पडली की हेडलाइट मंद होत, थाप संपली की उजळत. समोरून येणाऱ्यांना वाटे हा डिपर मारतोय. लावणीच्या एका अंगाला समोरचा ट्रक निमूटपणे कडेला घेऊन थांबला. इतका मान त्या फियाटला रस्त्यावर पूर्वी कधी मिळाला नव्हता.

डायनामो गेला, अल्टरनेटर आला. ताईंनी, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवतींनी, विचारलं, "हा कशाला?" साडू म्हणाले, "साउंडसाठी."

अल्टरनेटरने वीज भरपूर दिली आणि वर एक स्वर फुकट दिला. त्याच्यात मुळात उलटसुलट वाहणारी वीज तयार होते आणि डायोड ती सरळ करतात. सरळ म्हणजे आपले रस्ते सरळ असतात तितपत. वर थोड्या लाटा राहतातच. त्या स्पीकरात शिरल्या की 'ऊंऽऽ' असा सूर लागतो आणि ॲक्सिलरेटर दाबू तसा चढत जातो. बाबूजींचा षड्ज एक, फियाटचा दुसरा. कात्रजच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये फियाट तार सप्तकात गेली आणि उतारावर मींड घेत खाली आली.

वायरमन म्हणाला, "अर्थिंग." तो बहुतेक वेळा एवढंच म्हणतो. त्याच्या अनुभवाप्रमाणे शंभरातले नव्वद फॉल्ट अर्थिंगचे असतात आणि उरलेले दहा मालकाचे. गाडीत विजेची जायची वायर असते, यायची नसते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्राच. या पत्र्यावर पन्नास वर्षांत चार वेळा रंग चढला, दोन वेळा पुटिंग बसलं आणि गंज तर कायमच्या मुक्कामाला होता. अँपने एका खिळ्यावर अर्थ घेतली होती, स्टिरिओने दुसऱ्या, जुन्या रेडिओने थेट वायपरच्या मोटरपाशी. दोन खिळ्यांमधल्या गंजातून वाट काढताना गाणं अल्टरनेटरची लाट बरोबर घेऊन येई. वायपर लावला की त्यात 'खर्र-खर्र' असा एक साथीदार बसे. वायरमनने सगळे खिळे उपटले, पत्रा कानशीने चकचकीत होईपर्यंत घासला आणि सगळ्या अर्थ एका बोल्टवर आणल्या. त्या बोल्टकडे बोट दाखवून तो म्हणाला, "याला हात लावायचा नाही." तेव्हापासून साडू रोज सकाळी त्या बोल्टला हात लावून बघतात.

सूर गेला. आता तडतड ऐकू यायला लागली.

ही तडतड जुन्या रेडिओवर येई. साडूंनी तोही चालू करून घेतला होता, कारण दिसतो तो वाजलाच पाहिजे असं त्यांचं म्हणणं. १९५७ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली विविध भारती मीडिअम वेव्हवर वडील याच गाडीत ऐकत, तशीच ऐकायची. गाडी बंद असेपर्यंत ती ऐकू आली. स्टार्टर मारला आणि निवेदकावर चणेफुटाणे उडायला लागले. मुलाने कारण सांगितलं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरत असेल तर सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी आकाशात रेडिओलहरी सोडते. मार्कोनीच्या काळातली बिनतारी यंत्रणा याच तत्त्वावर चाले. टायटॅनिकने बुडताना मदतीचे संदेश पाठवले तेही ठिणगीच्याच यंत्रावरून. म्हणजे साडूंची फियाट विविध भारती ऐकत नव्हती, स्वतःचं केंद्र चालवत होती, आणि तेही लायसन्सशिवाय. वडिलांना हे सहन झालं नसतं.

मग रेझिस्टरचे प्लग कॅप आले, नव्या एचटी वायर आल्या, नवा कंडेन्सर आला. "हे कशाला?" "साउंडसाठी." मुलाने जाता जाता एवढंच सांगितलं की मीडिअम वेव्हवर एका केंद्राच्या वाट्याला नऊ किलोहर्ट्झचा पट्टा येतो, त्यात आवाज जेमतेम साडेचार किलोहर्ट्झपर्यंतचा मावतो. वीस किलोहर्ट्झपर्यंत पोचणाऱ्या ट्वीटरला विविध भारतीच्या वेळात काही काम नाही. "राहू दे," साडू म्हणाले. "बसलेत बिचारे."

रेडिओ स्वच्छ झाला आणि इतके दिवस त्याच्या आड लपलेली खुद्द गाडी ऐकू यायला लागली. साडू फियाट घेऊन मिस्त्रीकडे गेले. त्या दोघांचा संवाद मी शेजारी उभं राहून ऐकलेला आहे.

"खडखड आहे का खुळखुळ?"

"खडखड पण आहे. पण मुख्य करकर."

"वळताना का खड्ड्यात?"

"खड्ड्यात ठक् होतं. करकर नंतर."

"मग ठक् शॉकअप, करकर बुश. खुळखुळ दारात असणार, काचेचा चॅनल गेला असेल. किणकिण येते?"

साडूंनी डोळे मिटून आठवलं. "येते. साठच्या वर."

"ती ॲशट्रे."

एवढं निदान मिस्त्रीने गाडीला हातही न लावता केलं. मोठमोठ्या दवाखान्यांत याला दोन मशिनं आणि तीन सह्या लागतात.

गाडीत गाणं वाजवण्याच्या वाटेत रस्ता किती आडवा येतो हे अमेरिकेलाही कळून चुकलेलं आहे. क्रायस्लर कंपनीने १९५६ च्या मॉडेलांत डॅशबोर्डखाली चक्क ग्रामोफोन दिला होता. तबकडी मिनिटाला जेमतेम १७ फेऱ्या फिरे, आणि हिसक्याने सुई उडू नये म्हणून तिच्यावर जादा भार ठेवला होता. तिथल्या गुळगुळीत रस्त्यांवरही थोड्याच वर्षांत तो गाशा गुंडाळावा लागला. ती गाडी आपल्या सोसायटीच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या गतिरोधकापर्यंत आली असती तर एका गाण्याच्या ध्रुवपदावरून सुई तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यावर पोचली असती. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली तेव्हा कुठे गाडीत गाणं धड एका जागी बसलं.

मिस्त्रीने बुश बदलले, शॉकअप बदलले, दारांचं रबरी बीडिंग बदललं, काचांना नवे चॅनल घातले. मग दारांच्या आतून, सीटखाली, डिकीत, सगळीकडे डॅम्पिंगचे काळे, चिकट, डांबराच्या जातीचे जाड पत्रे चिकटवले. ताई ते बघायला खाली आल्या होत्या. म्हणाल्या, "रस्त्यावर घालायचं डांबर गाडीत घातलंत हे बरं केलंत. आता रस्ता नसला तरी चालेल."

घरचा हिशेब ताईंकडे असतो. त्यांच्या वहीत 'साउंड' असं एक पान आहे. त्यावर वरच्या दोन ओळींत स्टिरिओ आणि स्पीकर आहेत. खाली पान भरून अल्टरनेटर, वायरिंगचा लूम, फ्यूज, बुश, शॉकअप, बीडिंग, चॅनल, डॅम्पिंग, आणि सगळ्यांत शेवटी ॲशट्रेखाली घालायचा फेल्टचा तुकडा. माझ्या मते जुन्या गाडीतल्या साउंड सिस्टिमचं सगळं मर्म त्या पानावर आहे. दुकानात जे विकत मिळतं ते गाणं. ते स्वस्त असतं. महाग पडते ती शांतता. ती कुठल्या दुकानात एका खोक्यात मिळत नाही, एकेका खुळखुळीच्या हिशेबाने सुटी घ्यावी लागते. जुन्या गाडीवाल्याला हे आतून माहीत असतं. फियाटचे बुश बदलायला घरातून पैसे निघत नाहीत, साउंडला निघतात. म्हणून तो साउंड म्हणतो.

शांतता पुरती उतरल्यावर साडूंनी आम्हा दोघांना वाईला यायचं आमंत्रण दिलं. पुढे साडू आणि मी, मागे ताई आणि माझी बायको, दोघी बहिणी. फियाट निघाली आणि खरोखर काही ऐकू येईना. सिग्नलला इंजिन बंद पडलं असं वाटून साडूंनी दोनदा स्टार्टर मारला आणि दोन्ही वेळा चालू इंजिनाने दात खाल्ले. "काय शांत झालीय!" ते म्हणाले. नेहमीच्या सवयीने ते ओरडून म्हणाले, त्यामुळे शेजारचा स्कूटरवाला दचकला.

कात्रजचा बोगदा गेला आणि मागचं बोलणं पुढे ऐकू यायला लागलं. ही गोष्ट नवी होती. त्या गाडीत लग्नानंतर आजवर जे काही मागच्या सीटवर बोललं गेलं ते खडखड, खुळखुळ आणि करकर यांच्या पोटात गेलेलं होतं. आता अर्थिंग उत्तम, डॅम्पिंग उत्तम, एकेक शब्द सुटा.

"गाडीला शेड झाली, घराला रंग नाही," ताई म्हणत होत्या. "पाहुणे आले की आधी त्यांना बॉनेट उघडून दाखवतात. चहा मागाहून."

"तुझे निदान गाडीत तरी घालतात," माझी बायको म्हणाली. "आमच्याकडे पुस्तकं. ती तर ढकलली तरी चालत नाहीत."

साडूंनी समोर बघत मला हळूच खूण केली. मी ग्लोव्ह बॉक्स उघडून गीतरामायण लावलं आणि आवाज वाढवला. पण त्या दोघींचे आवाज फियाटच्या जुन्या खडखडाटावर मात करून कमावलेले होते. आवाज वाढला तसे तेही वाढले. चारशे वॅट आणि दोन बहिणी यांचा सामना शिरवळपर्यंत बरोबरीत चालला होता. तिथे चहाला थांबलो तेव्हा साडूंनी बाजूला जाऊन मुलाला फोन केला. परत आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. कानाशी येऊन म्हणाले, "साडूभाऊ, आत फेडर नावाचं एक बटण आहे. तो पूर्ण पुढे घ्यायचा. मागचे स्पीकर बंद, पुढचे चालू. त्यांचं त्यांना बोलता येईल, आपलं आपल्याला ऐकता येईल."

गाडी निघाल्यावर मी फेडर पूर्ण पुढे घेतला. आमच्या पायांपाशी बाबूजी गायला लागले, मागचं सगळं बोलणं त्याखाली बुडालं. साडूंनी स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरला. एवढ्या खर्चाचं चीज झाल्याचं समाधान मी त्यांच्या तोंडावर प्रथमच पाहिलं. ते खंबाटकीचा घाट लागेपर्यंत टिकलं.

मागून ताईंचा हात पुढे आला आणि साडूंच्या खांद्यावर पडला.

"अहो, तो फेडर मधे आणायला सांगा. तुम्हाला ऐकू जावं म्हणूनच बोलतोय आम्ही."